खर्जाची बाजू

किल्लीला नारिंगी रंगाचा बुचाचा एक गोळा बांधलेला होता — लिंबाएवढा, एका अंगाने कोणीतरी कुरतडल्यासारखा — आणि तो हातात आल्याबरोबर त्याला वाटलं, किती हलकं आहे हे, एवढ्या मोठ्या बोटीची किल्ली आणि वजन म्हणून नाहीच. पाण्यात पडली तर बुडू नये म्हणून ती सोय, असं बोटवाली म्हणाली, आणि म्हणताना तिने त्याच्याकडे असं पाहिलं की पाडलीच तर हाच पाडणार.

"जरा धरा, मी डिझेल बघते. चालवणार मीच आहे, काळजी नको. फॉर्म भरलात? किती माणसं?"

"सोळा," तो म्हणाला, आणि फॉर्मवरचा सोळाचा आकडा त्याने उगाचच पुन्हा एकदा गिरवला. पंधरा आणि मी. पुढच्या वर्षी कोणी दुसरं येईल फॉर्म भरायला, ते पंधरा लिहील… किंवा माझ्या जागी नवीन कोणी घेतला असेल, म्हणजे मग सोळाच. आकडा तोच राहील की. ही गंमत त्याला वाटली तेवढी गमतीची नव्हती, पण हवा इतकी छान होती, तळ्यावरून येणारा वारा असा धुतलेला, की वाईट वाटून घ्यायलाही मनापासून जमेना.

धक्क्याला लागलेली बोट म्हणजे खरं तर बोट नव्हतीच. दोन लांब पोकळ नळकांडी पाण्यावर टाकलेली आणि त्यांच्यावर एक सपाट ओटा. ओट्याला कमरेएवढा कठडा, दोन्ही कडांनी गाद्या घातलेली बाकं, वर कापडाचं छप्पर. कोणाचा तरी दिवाणखाना पाण्यात ढकलून दिल्यासारखी. पाँटून म्हणतात तिला. ही कल्पना त्याचीच. गायनमंडळाची वर्षाची सहल म्हणजे एरवी कुठल्यातरी हॉटेलचा वरचा मजला, पण यंदा त्याने हट्टाने तळं काढलं, फोन केले, वार ठरवला, आणि सगळे म्हणाले, वा, काय डोकं आहे! डोकं कसलं… एकदा बोट मध्यावर गेली की कोणी उठून जाऊ शकत नाही, कोणी तुम्हाला जिन्यात गाठून समजूत घालू शकत नाही. दोन वाक्यं बोलायची, सगळ्यांनी ती ऐकायची, आणि मग काठ येईपर्यंत गप्पा मारायच्या. एवढंच त्याचं डोकं.

"सांगून टाका एकदाचं," बायको सकाळी म्हणाली होती, त्याच्या डब्याचं झाकण लावता लावता. "नोकरी आहे का ती? पेन्शन बुडणार आहे का तुमची?" ती आली नव्हती. पाण्यावर तिला मळमळतं. आणि शिवाय तिच्या मते तिचं काम संपलं होतं. आठ महिने तिने हे एकटीने पोटात ठेवलं, आता पुढचं ज्याचं त्याने निस्तरावं.

गाठ मोहरीएवढी होती. घशातली, स्वरतंतूवरची. काढली, तपासली, डॉक्टर म्हणाले घाबरण्यासारखं काही नाही, आणि तो घाबरलाही नाही. बोलणं जवळजवळ होतं तसंच राहिलं, जरासं खरखरीत, पण चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत भिंगं घासणाऱ्याला आवाज लागतो किती? "हे बरं दिसतं, की आधीचं?" एवढं दिवसातून शंभरदा विचारता आलं की झालं. गेला तो फक्त खर्ज. खालच्या सुरावर उतरायला जावं तर तिथे पायरीच नसायची… पाय टाकावा आणि नुसती हवा. आंघोळीच्या वेळी, दार लावून, नळ सोडून त्याने पुन्हा पुन्हा करून पाहिलं. नळाचा आवाज तेवढा यायचा.

तालमीला परत गेला त्या दिवशी सांगणारच होता. पण सगळ्यांनी, "आलास का, बरं वाटतं का?" असं इतक्या प्रेमाने विचारलं की तो म्हणाला, "हो, सर्दी होती, बाकी काही नाही," आणि आपल्या जागेवर, खर्जवाल्यांच्या रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. आज नुसतं तोंड हलवू, पुढच्या आठवड्यात बघू. पुढच्या आठवड्यातही तेच. मग तर त्याने त्यात अगदी हात बसवला. करायचंच तर नीट करावं या स्वभावाचा माणूस तो! शब्द, ओठ, भुवया, कुठे मान खाली घालायची, कुठे श्वास घ्यायचा — सगळं जागच्या जागी. उलट गात असताना कधी हातून चुकायचं, ते आता चुकेना, कारण दुसरं काही करायलाच नव्हतं. आवाज तेवढा नाही.

आणि कोणाच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या महिन्यात याने त्याचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या महिन्यात त्याला ते लागलं. एकवीस वर्षं मी या रांगेत उभा आहे, एकवीस वर्षांचा आवाज एका आठवड्यात गळून पडला आणि कुठे काही उणं नाही? कार्यक्रम झाला, टाळ्या पडल्या, वर्तमानपत्रात 'भरदार खर्ज' असं छापून आलं! मग माझा आवाज तिथे होता तरी कधी? रागवायचं कोणावर, हेही कळेना. फसवतोय तो स्वतः, आणि रुसलाय इतरांवर, की तुम्ही मला पकडत का नाही… बायको म्हणाली, तुमचं अगदी लहान मुलासारखं आहे, लपायचं आणि कोणी शोधलं नाही की रडायचं. तिचं बरोबर होतं, म्हणूनच तो त्या दिवशी तिच्याशी तासभर बोलला नाही.

तर आज. जेवणं झाली की. "मंडळी, मला एक सांगायचंय. माझा आवाज गेलाय, मी थांबतो." दोनच वाक्यं, तिसरं वाढवायचं नाही, तिसऱ्या वाक्यात माणूस हमखास रडतो.

मंडळी आलीच तेवढ्यात, डबे, थर्मास, टोप्या, उन्हाचं मलम घेऊन, आणि सगळ्यात पुढे प्लंबर, दोन्ही काखांत एकेक कलिंगड धरून. मंडळातला हा सगळ्यात मोठा माणूस, उंचीने आणि आडवाही. रांगेत त्याच्या अगदी शेजारी हाच उभा असायचा. "अरे, ही बोट आहे की स्टेज?" तो ओरडला. "छप्पर काय, कठडा काय! तू सोड ते भिंगांचं काम, सहली काढायचा धंदा कर."

"चढ आधी. आणि मधून चढ, कडेवर पाय देऊ नकोस."

बाई शेवटी आल्या. बाई म्हणजे त्यांच्या गुरू. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, अंगाने काडी, पण नुसतं बोट वर केलं तर पंधरा जणांचा आवाज जागच्या जागी थांबायचा. त्या चढल्या, पुढच्या एकट्या खुर्चीवर बसल्या, आणि बोटवालीने इंजिन सुरू करून बोट धक्क्यापासून सोडली. पन्नास हात गेले असतील नसतील, तोच इंजिनाचा आवाज खाली आला आणि बोटवाली मागे वळून बघायला लागली. थर्मास आपणहून चालू लागला होता. ओटा सरळ उजवीकडे कलला होता — तसा घाबरण्याइतका नाही, पण उजव्या बाकाखालचं नळकांडं पाण्यात दिसेनासं झालं होतं आणि डावं चांगलं वीतभर वर आलं होतं.

"हे काय? कोणी सांगितलं असं बसायला?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. डाव्या बाकावर वरच्या पट्टीतल्या बायका, अगदी रांगेने, दातांची डॉक्टरीण कडेला. त्यांच्या पुढे मधल्या आवाजाच्या. उजव्या बाकावर सात पुरुष, खर्जवाले, प्लंबर आणि त्याची दोन्ही कलिंगडं धरून. बाईंच्या समोर जसे उभे राहतात तसे, एक इकडचा तिकडे नाही.

"कोणी नाही सांगितलं," पोस्टमन म्हणाला. "आम्ही असेच असतो."

"असेच असता म्हणजे?" बोटवालीने कपाळावर हात मारला. "बाया सगळ्या एकीकडे आणि पहिलवान एकीकडे! वीस वर्षं बोट चालवतेय, दारू पिऊन नीट बसलेले लोक बघितलेत मी. शुद्धीवर असून असे बसलेले पहिल्यांदाच बघतेय."

हसून हसून पुरेवाट झाली. त्याला इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला, आणि पुसता पुसता वाटलं, किती आवडतात मला ही माणसं. यांना सोडून बुधवारच्या संध्याकाळी मी करणार काय?

"उजवीकडचे दोघं डावीकडे या," बोटवालीचा हुकूम झाला. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बसायची जागा बदलायची तर बाईंनी सांगितल्याशिवाय कसं? बाईंनी रांगेवरून नजर फिरवली. एक बोट आधी कलिंगडांकडे गेलं — "ती इकडे द्या" — आणि मग त्याच्याकडे.

"तुम्ही या."

तो उठला. तीनच पावलांचं अंतर, पण तो कठडा धरधरून गेला. मीच का? कडेला होतो म्हणून? की सातांतला बिनकामाचा कोण हे त्यांना केव्हापासून ठाऊक आहे… गणिताच्या बाई त्या, बेरजेतून शून्य वजा केलं तर काही बिघडत नाही हे त्यांना कोणी सांगायला नको. त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाई कलिंगडं बाकाखाली नीट सरकतायत का ते बघत होत्या.

डॉक्टरीणबाईंनी सरकून जागा दिली. बोट हळूहळू सपाट झाली, तळ्याचा मध्य आला, इंजिन थांबलं, आणि एकाएकी इतकं शांत झालं की नळकांड्यांवर थपथपणारं पाणी ऐकू यायला लागलं. दूरच्या काठावर कोणीतरी कपडे वाळत घालत होतं. एक पांढरं, एक निळं, परत पांढरं. अशा शांततेत या लोकांना गप्प बसवेल तर शपथ. कोणीतरी म्हणालं, "बाई, एक होऊन जाऊ दे," आणि बाईंनी ते लांब श्वासाचं संथ गाणं सांगितलं, ज्यात खर्जाचा एकच सूर सबंध कडवंभर तुटू न देता धरायचा असतो.

तो तोंड उघडून गायला लागला, म्हणजे… जे करायचा ते करायला लागला. पण इथे शेजारी प्लंबरचा डोंगराएवढा आवाज नव्हता, ज्याच्या आडोशाला आठ महिने निभावलं. इथे कानाशी बारीक, काचेसारखे स्वच्छ आवाज, आणि त्यांच्यामध्ये त्याची शांतता चांगली हातभर जागा अडवून बसलेली. दुसऱ्या ओळीला डॉक्टरीणबाईंनी मान किंचित वळवली. गाता गाताच त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं — दिवसभर लोकांच्या तोंडातच बघणारी बाई ती — आणि पुन्हा पुढे बघू लागल्या.

संपलं, असं त्याला वाटलं. गेलं. आणि विचित्र म्हणजे, त्याला एकदम हलकं वाटलं.

पण गाणंही संपलं होतं, मधेच. समोर काहीतरी घोटाळा झाला होता. खर्जाचा सूर चालता चालता सहाच्या सहा जणांचा एकदमच तुटला, पाण्यात खड्डा पडावा तसा, आणि वरच्या बायका एकट्याच अधांतरी लटकत राहिल्या. बाईंनी हात खाली केला.

"वारा होता," पोस्टमन म्हणाला.

"वारा काय? परत."

परत तेच. तिसऱ्या ओळीपर्यंत आले आणि सगळ्यांनी मिळून एका क्षणी श्वास घेतला. बोटवाली खिदळली. कोणी म्हणालं भूक लागलीय, कोणी म्हणालं उघड्यावर आवाज टिकत नाही, बसून गाताच येत नाही मुळी. या गोंधळात डॉक्टरीणबाई पुढे बघतच हळू आवाजात म्हणाल्या, "कधीपासून?"

"आठ महिने झाले." त्याला वाटलं होतं, हे शब्द काढताना घाम फुटेल. काही झालं नाही.

"ऑपरेशन?"

"हो. तसं साधंच. पण खालचं गेलं."

"तोंड मात्र सुरेख उघडता हो. माझ्या पेशंटांना दाखवायला न्यावं इतकं." मग पिशवी मांडीवर ओढत, "सांगणार आहात?"

"आजच. जेवणं झाली की."

"तेच बरं. उपाशी माणसांना काही सांगू नये," त्या म्हणाल्या, आणि पिशवीतून एक उकडलेलं अंडं काढून त्यांनी त्याच्या हातावर ठेवलं. त्यानेही ते घेतलं. सोलायलाही लागला. आठ महिन्यांचं ओझं आणि त्याचा निकाल हा असा, एका अंड्यावर… त्याला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं, आणि दोन्ही उन्हामुळेच आहे असं दाखवायला तळ्यावर ऊन भरपूर होतं.

"अरे ए!" समोरून प्लंबरची हाक आली. "तू खातोयस काय तिथे बसून? इकडे आमची दैना झालीय!"

"मी काय करू?"

"काय करू म्हणजे? मला तुझा खांदा दिसत नाहीये!"

प्लंबरला वाटलं त्याला ऐकू गेलं नाही, म्हणून तो आणखी मोठ्याने, सगळ्या तळ्याला ऐकू जाईल असं बोलू लागला. बाईंची रीत आहे ना, सगळ्यांनी एकदम श्वास घ्यायचा नाही, टोकाच्याने आधी, मग त्याच्या शेजारच्याने, मग त्याच्या? म्हणजे सूर तुटत नाही? तर टोकाला तू. तुझा खांदा वर जातो, तो बघून मी घेतो, माझा बघून हा पोस्टमन घेतो, असं पार शेवटपर्यंत. "आता सुरुवातच नाही तर आम्ही काय करणार? गुदमरायला लागलं की सगळे मिळूनच घेतो! आणि यंदा तर तू काय नेमका घेतोस! गेले सहा-सात महिने मी मोजणं सोडूनच दिलंय. तुझ्याकडे बघायचं की झालं."

"मी पण," पोस्टमन म्हणाला. "म्हणजे मी याच्याकडे बघतो. पण तेच ते."

उरलेल्या चौघांनीही माना हलवल्या. त्यांना यात नवल असं काही वाटत नव्हतं. त्याला मात्र तोंडात मारल्यासारखं झालं, आणि कोणीतरी पाठीवरून हात फिरवल्यासारखंही, दोन्ही एकाच वेळी. खांदा! गळा साफ ठेवायला एकवीस वर्षं कोमट पाणी प्यायलो, थंड म्हणून कशाला कधी शिवलो नाही, लोकांच्या लग्नात आइस्क्रीम परत पाठवलं — आणि हे बघत होते माझा खांदा. आवाजाबद्दल अजूनही कोणी चकार शब्द काढत नव्हतं. विचारावं का? बाबांनो, खांदा ठीक, पण माझा आवाज, तो कोणाला ऐकू यायचा का रे कधी? आधीचं बरं होतं, की हे? पण हा प्रश्न विचारायचा आणि उत्तर ऐकून घ्यायचं, एवढी त्याची छाती नव्हती. निदान आत्ता, इतक्या छान हवेत तरी नव्हती.

"तिकडे येऊ का परत?" त्याने बाईंना विचारलं.

"मी नाही येऊ देणार," बोटवाली म्हणाली.

"तिथेच बसा," बाई म्हणाल्या. "थोडे समोर वळा, यांना दिसाल असे. तिथूनच द्या." द्या, म्हणाल्या. काय द्या, ते म्हणाल्या नाहीत. त्याने त्यांच्या चेहऱ्यावर पुन्हा काहीतरी वाचायचा प्रयत्न केला, पण उलट्या बाजूने ऊन होतं आणि बाई काही वाचू देणाऱ्यातल्या नव्हत्याच.

तो वळला. अर्धं सोललेलं अंडं डॉक्टरीणबाईंनी त्याच्या हातून काढून घेतलं. बाईंचं बोट वर गेलं, गाणं सुरू झालं, आणि त्याने आपल्या ठरल्या जागी श्वास घेतला. समोर प्लंबरची छाती फुगली, मग पोस्टमनची, मग पुढच्याची. सूर मात्र सलग चालू, कुठे शिवण दिसेना. एकवीस वर्षांत हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं! रांगेत उभं राहून रांग दिसते कुठे? सहा जाडजूड माणसं, एकाचं टक्कल उन्हाने लाल झालेलं, एकाचं बटण चुकीच्या काजात, आणि सहाही जण त्याच्या खांद्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते की त्याला लाजच वाटली.

दुसऱ्या कडव्याला त्याने तोंड मिटलं. असं काही ठरवलं नव्हतं. ओठ दमले होते बहुतेक… आठ महिने बिचारे फुकट राबले होते. सगळ्यांसमोर, भर उन्हात, तोंड घट्ट मिटून तो बसला आणि नाकाने श्वास घेत राहिला. डॉक्टरीणबाईंना दिसलं असणार. बाईंना तर दिसलंच. प्लंबरला दिसलं की नाही कोण जाणे, त्याची नजर खांद्यावरून वर तोंडापर्यंत येतच नव्हती. आणि पहिल्यांदाच, आपण गात नसलेलं गाणं त्याला पूर्ण ऐकू आलं. छान गात होते. खरोखर छान गात होते, आणि त्यात त्याला आपला मत्सर शोधूनही सापडेना. एक बारीक टोचणी होती ती होतीच, की तू नसताना एवढं छान. पण तिच्याशेजारीच दुसरंही काहीतरी बसलं होतं, अगदी निवांत, मांडी ठोकून.

गाणं संपलं. बोटवालीने टाळ्या वाजवल्या, मग आपण एकटीच वाजवतोय हे बघून थांबली. डबे उघडले. "आता," डॉक्टरीणबाई अंडं परत देत कुजबुजल्या, "जेवून मग, की आधी?"

आधीच. नंतर धीर राहायचा नाही. पण 'मी थांबतो' हे वाक्य त्याने जिभेवर घेऊन पाहिलं तर ते काल रात्री घोकलेलं वाटेना, दुसऱ्याच कोणाच्या मापाचं वाटलं. 'माझा आवाज गेलाय' इथवर बरोबर होतं. पुढे काय? 'मी थांबतो'? की 'मी थांबू का'? की नुसतं तेवढंच, पहिलं, आणि मग जे काय होईल ते यांच्यावर सोडून द्यायचं? तरीही तो कठड्याला धरून उभा राहिला.

"मंडळी," तो म्हणाला.

सगळे वळले. पुढचं बोलण्यासाठी त्याने श्वास घेतला, पोटभर, खांदा वर जाईपर्यंत, आणि समोर प्लंबरने तोंडातला घास तसाच ठेवून श्वास घेतला, मग पोस्टमनने, मग त्याच्या शेजारच्याने, एकेक करून पार शेवटपर्यंत. घेतला आणि भरल्या छातीने, आता काय, म्हणून त्याच्याकडे बघत राहिले. त्याला हसू फुटत होतं. आत सगळं भरून आलं होतं, आणि शब्द अजून सापडला नव्हता, आणि घाई कसलीच वाटत नव्हती.